दोन काजांचं दुखणं

"स्वल्प थांब. हे काज होऊ दे."

दुकानात कुणीही आलं की अण्णा मान वर न करता सुईचा हात तेवढा उचलायचे आणि हे म्हणायचे. गिऱ्हाईक असो, घरमालक असो, नाहीतर जेवायला बोलवायला आलेली बायको. काज म्हणजे शर्टाचं बटण ज्यातून जातं ते भोक. त्याच्या कडा दोऱ्यानं भरून घ्याव्या लागतात. चामराजपेटेत हे काम आता सगळे मशीनवर करतात. अण्णा शर्ट मशीनवर शिवत, पण काजं साठवून ठेवत आणि मंगळवारी नि शुक्रवारी हातानं करत बसत. का, म्हणून विचारलं तर एकच उत्तर. "मशीनचं काज चार धुण्यांत तोंड वासतं."

आता त्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. होसकोटेहून बसनं परत येताना माझे पाय त्या पायरीशी अजून मंदावतात. तुमच्याही गल्लीत असं एखादं दार असेल, म्हणून जास्त सांगत नाही.

अण्णांचं आणि माझं, दोन्ही घरं इथली जुनी मराठी. घरात बोलायचं ते निम्मं कन्नड झालेलं. अण्णा माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. मी होसकोटेला एका कारखान्यात हिशेब पाहतो, त्यामुळे मला आकडे कळतात असा त्यांच्या बायकोचा, म्हणजे अक्काचा, समज. अण्णांची छाती धडधडू लागली तेव्हा तिनं मलाच दवाखान्यात बरोबर धाडलं. मुलगा सर्जापूर रोडला राहतो. तिथून चामराजपेटेला येणं म्हणजे त्याची अर्धी रजा.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. कागदावर हृदय काढून त्यांनी कन्नडमध्ये समजावलं. वरच्या कप्प्यात वीज एकाच वाटेनं गोल गोल फिरत राहते, त्यामुळे ठोके फार भरभर पडतात. याला एट्रिअल फ्लटर म्हणतात. कधी हे काही सेकंदांत थांबतं, कधी तासन्‌तास चालतं, कधी दिवसच्या दिवस. त्या काळात वरच्या कप्प्यात रक्त नीट हलत नाही. गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात.

मग त्यांनी विचारलं, "एकदा सुरू झालं की किती वेळ टिकतं?"

अण्णा म्हणाले, "दोन काजं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, हातानं एक काज करायला यांना आठ मिनिटं लागतात. म्हणजे साधारण पाव तास.

"कधी कधी दीडच काज," अण्णांनी सूट मागावी तसं म्हटलं.

बाई हसल्या, पण त्यांनी सोडलं नाही. वेळ कमी असो वा जास्त, वय आणि रक्तदाब पाहता रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायचीच. आणि मांडीतून तार घालून आतली ती गोल वाट बंद करता येते, तेही करून टाकावं. अण्णांनी गोळीला "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हटलं आणि तारेला हात जोडले. पाव तासाच्या दुखण्याला एवढा खटाटोप कशाला? बाई म्हणाल्या, बरं, काही आठवडे बघू, पण प्रत्येक वेळी किती टिकतं ते मला नीट हवं.

परतीच्या रिक्षात अण्णा बोटं न्याहाळत बसले होते. "रक्त पातळ केलं, आणि सुई टोचली तर?"

"दाबून धरायचं."

"पांढऱ्या शर्टावर पडल्यावर काय दाबतोस? गिऱ्हाइकाला?"

शिंप्याचं बोट आणि सुई यांचं भांडण रोजचंच. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या बोटावर धातूची टोपी दिसू लागली. आयुष्यभर ती त्यांनी घातली नव्हती. "हेल्मेट," ते म्हणायचे, आणि कंटाळून काढून ठेवायचे.

एका सुट्टीच्या दुपारी मी शर्टाचं माप द्यायला गेलो होतो. शुक्रवार होता, अण्णा काजांना बसले होते. मध्येच त्यांची सुई थबकली. "आलं," ते म्हणाले. चेहरा उतरला, मानेची शीर उडताना दिसू लागली. मी पाणी दिलं, डॉक्टरांना फोन करू का म्हणालो. चक्कर नाही, छातीत दुखत नाही, असं सांगून त्यांनी पुन्हा टाका घातला. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी घड्याळ पाहत बसलो.

टाका घालायचा, थांबायचं. श्वास घ्यायचा, दोरा ओढायचा. निसटलेलं टोक शोधायचं. पहिलं काज संपलं तेव्हा माझा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. दुसरं संपता संपता त्यांनी मान हलवली. "गेलं. बघ, दोनच काजं."

"अण्णा, पाऊण तास झाला."

त्यांनी खडू उचलला, खाली ठेवला.

"तुमचा हात मंदावतो. दुखणं लांबतं तसं काजही लांबतं. मापच ताणलं जातंय."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "म्हणून तर काजावर मोजतो. घड्याळावर मोजलं की भिववण्याइतकं मोठं होतं ते."

पुढच्या खेपेला मी हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं, अण्णांच्या समोरच. ते पुटपुटले, "माझ्याच टेपाला कात्री लावलीस." बाईंनी छातीला चिकटवायचं एक यंत्र दिलं. त्यानं नोंद केली ती आणखी निराळी. सगळ्यात लांब फेरी झोपेत झाली होती, कित्येक तासांची, आणि अण्णांना तिचा पत्ताच नव्हता. बाई म्हणाल्या, जाणवतं तेवढंच नसतं. अण्णांनी मला मराठीत विचारलं, "त्या झोपेतल्या फेरीला किती काजं झाली असती रे?" मी गणित केलं नाही.

तारेच्या उपचाराला ते कबूल झाले. फक्त उगादीचे, म्हणजे पाडव्याचे, कपडे देऊन टाकू दे म्हणाले. बाईंनी बजावलं की तोवर गोळी एक दिवसही चुकवायची नाही. अण्णांनी "सरी" म्हटलं. त्यांचं "सरी" किती लांबीचं असतं ते मला तोवर कळायला हवं होतं.

उगादीच्या आधल्या आठवड्यात, दुकानातच, त्यांच्या डाव्या हातातून कापड गळून पडलं. तोंड वाकडं झालं. अक्कानं ताबडतोब रिक्षात घातलं, म्हणून जीव वाचला. बोलणं शाबूत राहिलं, उजवा हात राहिला. डावा गेला.

वॉर्डात त्यांनी मला खाली वाकायला सांगितलं. "काजांच्या दिवशी गोळी घेत नव्हतो. डाग पडेल म्हणून." मग त्यांनी मान डावीकडे वळवली. "उजव्या हाताचीच काळजी केली बघ मी. सुई धरतो म्हणून. कापड धरणारा डावा असतो, हे विसरलोच."

रागवायला मी तोंड उघडलं होतं. मिटलं. अक्का पायथ्याशी बसून त्यांच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होती. ती पुन्हा वळत होती.

मुलानं त्यांना सर्जापूर रोडला नेलं. बाराव्या मजल्यावरचं घर, स्वच्छ, उजेडाचं. लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही अशी अण्णांची तक्रार. मी दोन बस बदलून जायचो. परतेपर्यंत माझ्यात काही उरायचं नाही, हेही खरं. दर खेपेला वाटायचं, पुढच्या महिन्यात जाऊ. तरी जायचो.

एकदा जाताना मी माझा शर्ट घेऊन गेलो. त्या शुक्रवारी माप दिलेला तो. तेवढाच त्यांच्या दुकानात शिवून पडला होता. सगळ्यात खालचं काज राहिलं होतं. खडूची खूण होती, कापलेलं नव्हतं. अक्कानं सुईत दोरा ओवून दिला. मी खुर्ची पुढे ओढली आणि बटणपट्टी दोन्ही हातांनी ताणून त्यांच्यासमोर धरली.

"सैल धरतोस. हिशेबवाला तू."

मी घट्ट धरलं. मुलानं खूण बेतानं कापून दिली. अण्णांनी पहिला टाका घातला. दोरा गुंतला, अक्कानं सोडवला. सुई एकदा माझ्या अंगठ्यात गेली. मी हाताला हलू दिलं नाही. समोरच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं. मी कापडाकडे पाहत राहिलो. अक्कानं मध्ये चहा विचारला, तेव्हा अण्णांनी मान वर न करता सुईचा हात उचलला.

"स्वल्प थांब. हे काज होऊ दे."

आमची ती शेवटची भेट. पुढच्या महिन्यात मी गेलो ते अक्काला भेटायला.

त्या दिवशी काज झालं तेव्हा माझे खांदे अवघडले होते आणि खिडकीबाहेरच्या इमारतींत दिवे लागले होते. अण्णांनी दोरा दातानं तोडला, काजात करंगळीचं नख घालून पाहिलं. थोडं तिरकं झालं होतं. ते त्यांनाही दिसलं.

"किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं.

"एक काज, अण्णा."

अर्ध्या तोंडानं ते हसले.