दारातल्या खडूच्या रेघा

मास्तर म्हणजे बाई. गल्लीत पुरुषांचे कोट शिवणारी ती एकटीच, म्हणून गिऱ्हाइकांनी तिला हे नाव दिलं आणि तिनेही ते ऐटीत मिरवलं. नवऱ्यामागे दुकान तिने हिमतीवर चालवलं. धार कात्रीला होतीच, जिभेला जरा जास्त होती.

मग तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. घरी येताच मुलाने मोठी कात्री कपाटात ठेवून कुलूप घातलं.

"आई, आता बस झालं. कापड मी बेततो. तू काजं-बटणं कर."

"थरथरत्या हाताने काजं? अक्कल गहाण टाकलीस का रे?"

मुलाच्या मनात जुनी गोष्ट होती. काही वर्षांपूर्वी तिने नवरदेवाचा कोट इस्त्रीखाली करपवला होता. धूर बघून शेजारचा घड्याळवाला धावत आला, आणि ही पाठ करून खुशाल बाही जोडत बसलेली. तेव्हापासून 'आईचं लक्ष नसतं' हे घरात ठरूनच गेलं. मास्तरने ते गिळलं, पण पचलं कधीच नाही.

इस्पितळात या आजारावर संशोधन चालू होतं. मास्तरने त्यात नाव घातलं. तिथल्या संशोधक मुलीने तिच्या नाकाखाली एकेक बाटली धरली. लवंग, साबण, रॉकेल. मास्तरला कशाचाच वास आला नाही.

"काकू, बऱ्याच जणांना थरथर सुरू व्हायच्या कितीतरी आधीच वास येईनासा होतो. हा आजार कशामुळे होतो ते अजून पुरतं उमगलेलं नाही, पण अशा खुणांवरून तो लवकर ओळखता येईल का, ते आम्ही शोधतोय."

मास्तर ताडकन म्हणाली, "म्हणजे तो कोट!"

"असेल. खात्रीने नाही सांगता येणार."

"मला तेवढं पुरे." ती सोबत आलेल्या मुलाकडे वळली. "ऐकलंस? नाक गेलं होतं माझं, लक्ष नव्हे!" इतक्या वर्षांचा राग तिच्या डोळ्यांत उतरला होता.

मुलगा ओशाळला, पण किल्ली काही दिली नाही. "दारात पाय चिकटतात तुझे. हातात कात्री असताना पडलीस तर?"

ही भीती मात्र खरी होती. अरुंद दार आलं की तिचे पाय जमिनीला खिळायचे. त्यावर संशोधक मुलीने उपाय सांगितला: गोळ्या वेळेवर घ्या, आणि दारात जमिनीवर आडव्या रेघा मारा. रेघ ओलांडायची म्हटलं की पुष्कळांचे पाय सुटतात. मास्तरने गजपट्टीच्या टोकाला शिंप्याचा खडू बांधला आणि उभ्यानेच रेघा ओढल्या. पाय सुटले! मुलगा रोज फरशी पुसताना त्या पुसून टाकायचा, आणि ती रोज नव्याने काढायची.

एके दिवशी जुनं गिऱ्हाईक कापड घेऊन आलं. "मास्तर बेतणार असतील तरच देतो."

मास्तर आतल्या खोलीतून निघाली आणि दारात खिळली. रेघा नुकत्याच पुसल्या होत्या. मुलाने धावत येऊन तिचा दंड धरला.

"ओढू नकोस, पडेन! खडू घे."

गिऱ्हाइकासमोर तो गुडघ्यांवर बसला आणि रेघ मारली.

"वाकडी आहे. आणि म्हणे कापड बेतणार! पूस, परत काढ."

त्याने पुसून परत काढली, शेजारी आणखी दोन काढल्या. मास्तर एकेक रेघ ओलांडून टेबलापाशी आली. मुलाने खिशातून किल्ली काढून पुढे केली.

"कुलूप तू घातलंस. तूच काढ."

त्याने कात्री आणून दिली. गिऱ्हाईक तिच्या थरथरत्या हाताकडे बघत राहिलं. मास्तरने कात्री पेलली, आणि हात शांत झाला.

"रिकामा ठेवला की बोंबलतो मेला," ती म्हणाली. "कामाला लावला की गप्प बसतो. छाती सांगा, किती?"