नानासो आणि दिल्लीचा पीर

रहिमतपुरात आमच्या गल्लीतल्या नानासोंना सगळे मेजर म्हणतात. पलटणीतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. पुढची बढती गावाने दिली आणि त्यांनी ती नाकारली नाही. नोकरीतली तीन वर्षं ते दिल्लीत होते, आणि तिथे त्यांनी ब्लँकेटांच्या गोदामावर पहारा केला. एवढ्या भांडवलावर हा माणूस दर फेब्रुवारीत सातारा-सांगलीकडची वीस-पंचवीस माणसं गोळा करतो, निजामुद्दीनच्या गाडीत बसवतो आणि दिल्लीचे किल्ले, मशिदी, बादशहांची थडगी दाखवून आणतो.

माझं त्यांच्याशी वाकडं काही नाही. पण मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, आणि कुणी सन-सनावळीची वाट लावली की माझं डोकं फिरतं. नानासोंकडे तर प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. 'मला माहीत नाही' हे त्यांच्या तोंडून त्यांच्या बायकोनेही कधी ऐकलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्या सहलीला गेले. रोज पहाटे हॉटेलच्या दारात ओळीत उभं राहायचं, गिनती व्हायची, आणि मग मोगलांवर चाल करून जायचं. लाल किल्ल्याची आमच्या लोकांनी अजिंक्यताऱ्याशी तुलना केली आणि सपाटीवरचा किल्ला म्हणून त्याला नापास केलं. हुमायूनच्या कबरीपुढची हिरवळ पाहून सांगलीचे एक मंगल कार्यालयवाले इथे किती पंगती उठतील ते मोजत बसले. कुतुबमिनार कुणी बांधला हे कुणी विचारलं नाही. वर चढू देत नाहीत म्हणजे तिकिटाचे पैसे कशाचे घेतले, यावर मात्र जेवणापर्यंत चर्चा चालली.

शेवटच्या दिवशी थडग्यांचा सगळ्यांनाच कंटाळा आला. कुठल्याशा बागेत एका पडक्या घुमटाच्या सावलीत आम्ही शेंगदाण्याची चटणी आणि वाळलेल्या भाकरी यांची शिदोरी सोडली. शेजारच्या भामाबाईंनी नानासोंना विचारलं, आत कोण निजलंय? बाहेर पाटी होती आणि तिच्यावर स्वच्छ लिहिलं होतं, की इथे कोणाला पुरलं आहे ते ज्ञात नाही. नानासोंनी पाटीकडे पाठ केली आणि सांगितलं, की हा बादशहाचा कोतवाल, म्हणजे त्या काळचा पोलीस कमिशनर. माणूस लय कडक, पण लय दयाळू, आणि ज्याला वर्दी पाहिजे त्याने आजही याच्यापाशी मागावं.

मी तोंड उघडेपर्यंत भामाबाईंनी चपला काढल्या होत्या. आमच्याकडे घुमट दिसला की तो पीर, आणि पीर म्हटला की त्याला हात जोडायचे. त्यात हिंदू-मुसलमान कुणी बघत नाही. भामाबाई थडग्यापुढे बसून नवस बोलून मोकळ्या झाल्या. नात पिंकी पोलिसात लागली तर तुझ्यावर हिरव्या कापडाचा गलेफ चढवीन, मलिदा ठेवीन. नानासोंनी अशा काही समाधानाने मान हलवली, जणू कोतवालाने त्यांच्या कानात होकार दिला होता.

पुढे दीड वर्ष पिंकी रोज पहाटे कोरेगावच्या रस्त्याला धावत होती आणि शाळेच्या मैदानात गोळा फेकत होती. तिची निवड झाली. लगेच चौकात अभिनंदनाचा फलक लागला. त्यावर मान्यवरांचे हसरे चेहरे दोन ओळींत होते आणि खाली कोपऱ्यात, दिव्याच्या खांबाआड, पिंकी होती. नानासो भेटेल त्याला सांगत सुटले, की मुळात ओळख आपण करून दिली म्हणून काम झालं.

मग भामाबाईंनी जाहीर केलं, की आधी नवस फेडायचा आणि मगच पोरीच्या अंगाला वर्दी लागेल. पिंकीला पुढच्या सोमवारी प्रशिक्षणाला हजर व्हायचं होतं. ती गेली नाही तर जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला जाणार. तिचा बाप सोपान मुळातच या नोकरीच्या विरोधात, त्याने मिरजेचं एक स्थळही हेरून ठेवलेलं. म्हणजे भामाबाई अडून बसल्या तर पिंकीच्या हाती वर्दीऐवजी हिरव्या बांगड्या येणार, हे उघड होतं.

नानासोंचा चेहरा उतरला, कारण तो घुमट कुठला हे त्यांना आठवत नव्हतं. दर वर्षी नव्या घुमटाला नवा कोतवाल नेमला की असंच होतं. त्यांनी आधी पर्याय सुचवला. संगम माहुलीला छत्रपतींच्या घराण्याच्या समाध्या आहेत, हाकेच्या अंतरावर. नवस तिथे फेडला तरी दिल्लीला पोचतो, बँकेच्या कुठल्याही शाखेत पैसे भरल्यासारखं. भामाबाईंनी विचारलं, की माझं लाइटबिल दुसऱ्याच्या मीटरवर भरलं तर माझा दिवा लागेल का?

घुमट ओळखू येतो का बघायला पिंकीने नानासोंच्या मोबाइलमधले सहलीचे फोटो शोधून काढले. प्रत्येक फोटोत मधोमध नानासो छाती काढून उभे, आणि त्यांच्या खांद्यामागे घुमटाची एक फोड.

शेवटी आम्ही चौघं निघालो: नानासो, भामाबाई, पिंकी आणि मी. आईच्या सोबतीला आणखी एखादी शिकलेली बाई असल्याशिवाय पाठवणार नाही असं सोपान म्हणाला, हे निमित्त. खरं म्हणजे नानासोंची फजिती मला पुढच्या रांगेत बसून पाहायची होती.

दिल्लीत आमच्या हातात एकच दिवस होता; दुसऱ्या दिवशीची गाडी चुकली की सोमवार बुडाला. नानासोंनी पहिला घुमट इतक्या ठामपणे दाखवला, की मीसुद्धा क्षणभर फसले. भामाबाई आत डोकावल्या आणि ह्यो न्हवं म्हणाल्या. त्यांच्या पिराच्या मोठ्या थडग्याशेजारी एक लहान थडगं होतं, लेकराचं, तेवढं त्यांच्या लक्षात होतं. दुसरा घुमट झाला, तिसरा झाला. प्रत्येक ठिकाणी नानासो ह्योच, ह्योच म्हणत पुढे व्हायचे आणि भामाबाई मान हलवत परत फिरायच्या. दिल्लीत बेवारस घुमट किती आहेत याचा मला त्या दिवशी अंदाज आला.

दुपार कलली. पिंकी एका पायरीवर गुडघ्यांना मिठी मारून बसली. एवढ्या मेहनतीने मिळवलेली नोकरी एका अनोळखी मेलेल्या माणसापायी जाणार, या विचाराने मला रडू यायला लागलं आणि नानासोंचा मनस्वी संताप आला. मी बोलणारच होते, तेवढ्यात तेच भामाबाईंपुढे येऊन उकिडवे बसले.

"भामाकाकू, ती जागा कुठं हाय मला ठावं न्हाई," ते म्हणाले. "कोतवाल बी मीच घातला तितं. कुनाचं थडगं हाय, मला कवाच म्हाईत नव्हतं."

भामाबाईंनी मलिद्याचा डबा मांडीवर सारखा केला. "ते मला तवाच कळलं हुतं रं. तू सांगतोस ते सारं खोटं असतंय, गावाला ठावं हाय. पन सोपान ऐकत नव्हता. पोरगी पोलिसात घालायची न्हाई म्हनत हुता. पिराला नवस बोललिया म्हनलं, तवा गप बसला. पिराच्या भ्यानं पोरीला पळू दिलं त्यानं."

पिंकी आजीकडे बघत राहिली. मी म्हटलं, मग कोतवालच खोटा, तर आपण एवढ्या लांब कशाला आलो?

"कोतवाल खोटा असंल. जो निजलाय त्यो खरा हाय न्हवं? त्याचं नाव वापरलं मी. जित्यांना फसवल्याबिगर बाईचं चालत न्हाई, चारूताई. मेलेल्याला कशाला फसवू?"

नानासो उठले आणि दिसेल त्याला विचारत सुटले. रिक्षावाले, माळी, फुगेवाला, कुत्रं फिरवणाऱ्या बाई. "छोटे बच्चे का थडगा किधर हाय?" बाईंनी कुत्र्यासकट रस्ता ओलांडला. पण एका माळ्याने पलीकडची बाग दाखवली, आणि ऊन पिवळं व्हायच्या सुमारास आम्ही त्या घुमटात उभे होतो. मोठं थडगं होतं, शेजारी हातभर लांबीचं लहान.

भामाबाईंनी पिशवीतून गलेफ काढला, आणि दारातून गार्डची हाक आली. इमारत संरक्षित आहे, इथे काही चढवायला मनाई आहे. पाटीवरही तसंच लिहिलेलं होतं. बरोबरच होतं त्याचं, एरवी मीच त्याची बाजू घेतली असती.

नानासोंनी गार्डच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला बाहेर नेलं. आपल्या पलटणीतल्या हिंदीत त्यांनी विचारलं, की तू इथे पहारा करतोस, पण कुणाचा करतोस हे तुला ठाऊक आहे का? त्या बिचाऱ्याला पाटीपलीकडे कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मग नानासो सुटले. कोतवाल, त्याचा दरारा, त्याचा न्याय, त्याचं आजारी लेकरू, खुद्द बादशहाने पाठवलेला हकीम. गार्डने टोपी काढून काखेत धरली. आत आजी आणि नात दोन टोकांना धरून गलेफ उलगडत होत्या. लहान थडग्यावर भामाबाईंनी मलिद्याची मूठ ठेवली.

"साहब, ये कौन से सन की बात है?" गार्डने विचारलं.

नानासो अडले. तोंड उघडलं, पण सन काही येईना. गार्ड आत वळून बघायच्या बेतात होता, आणि गलेफ अजून अर्ध्यावरच होता.

मी दारात येऊन खणखणीत आवाजात एक सन ठोकून दिला.