अर्धी राहिलेली दाढी

आमचे हे केस कापतात. खुर्चीत बसलेला माणूस घरातली भांडणं, साहेबाचा जाच, सुनेचे नखरे, सगळं यांच्या कानात ओतून मोकळा होतो. हे फक्त "हं" म्हणतात. घरीही तेच. इतकी वर्षं मी त्या "हं"शीच संसार केला म्हणा ना.

आबा, म्हणजे माझे सासरे, गेले आणि यांचा हात कापायला लागला. कात्री चालायची, मशीन चालायचं, पण वस्तरा उचलला की थरथर सुरू. दाढीला आलेल्या माणसाला रोज नवी थाप मारायचे. आज पाठ धरलीय, आज पाती संपलीत. वस्तऱ्यावर नाव कमावलेला माणूस हा! डॉक्टरांनी रक्त तपासलं, नसा तपासल्या, काही निघालं नाही. एक दिवस घरी येऊन जेवता जेवता म्हणाले, दुकान बंद करून टाकू.

लेकीनं एक समुपदेशक बाई शोधल्या. व्हिडिओवरून बोलणाऱ्या. मी नाक मुरडलं, तर तिनं त्यांचा परवाना, शिक्षण सगळं उघडून दाखवलं. बाई शिकलेल्या असतील हो, पण बोलणार कोण? तासभर "हं" ऐकून त्या बिचाऱ्याच झोपतील, असं मी म्हटलंही.

घरी भिंतींना कान, म्हणून सुट्टीच्या दिवशी दुकानातच बसायचं ठरलं, शटर अर्धं ओढून. पहिल्या दिवशी मी सोबत गेले. यांनी काय करावं? फोन मागच्या बाकावर उभा केला, आणि स्वतः रिकाम्या खुर्चीमागे, आरशाकडे तोंड करून उभे राहिले. बाईंना दिसत होती यांची पाठ, आणि आरशात इवलासा चेहरा. जन्मभर हा माणूस लोकांशी आरशातूनच बोललेला; समोरासमोर शब्द फुटायचे नाहीत. मी दंडाला धरून वळवणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, राहू द्या, त्यांना जमतंय तसंच बोलू. मी गुपचूप बाहेर पडले.

कितीतरी आठवडे असेच गेले. मग बाईंनी सुचवलं, आज त्या खुर्चीत बसून बघता का? हे बसले. आणि बोलले. काय बोलले ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण बाईंनी विचारलं होतं, हे आणखी कुणाला सांगावंसं वाटतं? यांनी माझं नाव घेतलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी भांडी घासत होते. हे पाठीमागे येऊन उभे राहिले आणि बोलायला लागले. आबांची दाढी हे स्वतः घरीच करायचे. त्या दिवशी एक गाल झाला, दुसऱ्याकडे वळले, आणि आबांची मान कलंडली. यांना तिथंच कळलं. पण यांनी हाक मारली नाही. हनुवटीला तळहाताचा आधार देऊन उरलेली दाढी पुरी केली, फेस पुसला, तुरटी फिरवली, आणि मग मला बोलावलं.

माझं डोकंच फिरलं. मी पलीकडच्या खोलीत, डॉक्टर खालच्या मजल्यावर.

"हाक का नाही मारलीत?"

"तू आली असतीस, आणि ते गेले असं म्हणाली असतीस," हे म्हणाले. "दाढी चालू होती तोवर गेले नव्हते."

मग म्हणाले, तेवढ्या वेळात वाचले असते का, हेच डोक्यात फिरत राहतं. मला माहीत नाही, असं मी खरं तेच सांगितलं. बाईंनीही तेच सांगितलं होतं म्हणे. माझा राग कुठल्या कुठे गेला. ओल्या हातांनीच मी यांना धरलं आणि दोघंही पोटभर रडलो.

हात अजून थरथरतो, पण कमी. बाईंशी बोलणं चालू आहे, दुकानही चालू आहे. परवा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं हट्टच धरला, दाढी तुमच्याच हातची हवी. हे घरी येऊन आपणहून सांगत होते. एक गाल झाला आणि हात थांबला. यांनी वाकून, थेट त्या माणसाच्या तोंडाकडे बघून विचारलं, "बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय?" म्हातारा म्हणाला. "चालू द्या."

मग यांनी दुसऱ्या गालाला वस्तरा लावला.