गिरणीचा सा

आमच्या घराला लागून पिठाची गिरणी आहे. लग्न होऊन हिंगोलीत आले तेव्हा त्या गिरणीचा मला इतका वैताग होता की विचारू नका. मी व्हायोलिन घेऊन बसले की तिची मोटर सुरू झालीच म्हणून समजा. शेवटी हात टेकले आणि माझा सा तिच्याच घूंवर लावला. भांडण मिटलं. पुढं घरातच शिकवायला लागले, तेव्हा पोरांची व्हायोलिनंही त्याच सुरावर लागली.

माझ्या गुरूंचा एक कडक नियम होता, तोच मी चालवला. शिष्यानं खुंटीला हात लावायचा नाही. तारा लावायच्या त्या गुरूनंच. वर्ग भरला की एकेक पोरगं आपलं वाद्य माझ्या मांडीवर आणून ठेवतं, उजवीकडं विजेची तंबोऱ्याची पेटी वाजत असते, आणि मी वाद्य डाव्या कानाशी धरून खुंटी पिळते. पेटी लावायचं काम थोरल्या शिष्येचं. औंढ्याजवळच्या तांड्यावरची पोरगी, पण हात असा गोड की मेलीचा हेवा वाटावा.

गेल्या उन्हाळ्यानंतर काहीतरी बिनसायला लागलं. तारा ढिल्या पडल्या. गज ठेवला की लदलद हलायच्या. मी नांदेडच्या दुकानदाराला फोनवर झापलं, "तारा पाठवता का सुतळी?" त्यानं नव्या पाठवल्या. त्याही तशाच.

मग एका सकाळी ऐकलं तर गिरणीचा घूं आमच्या ‘सा’च्या वर गेलेला. उठले, तशीच शेजारी गेले. "काहो, मोटर बदलली का?"

"न्हाई बाई. तीच हाय," गिरणीवाला म्हणाला आणि हसला. "गहू ओला आसंल!"

मला काही ते हसणं आवडलं नाही.

वर्गातली पोरंही गप्प गप्प राहायला लागली. मी खोलीत शिरले की बोलणं बंद. मला वाटलं, माझ्या तोंडाला भ्यायली असतील, बरंच आहे. पण अधूनमधून डाव्या कानात शिट्टी वाजायची. डोळे गेले तरी वाजवता येतं. कान गेला तर मी कोण? ही भीती इतकी मोठी होती की घरात कुणाला सांगितलं नाही आणि डॉक्टरकडंही गेले नाही.

महाशिवरात्रीला औंढ्यात आमच्या वर्गाचा कार्यक्रम ठरला. तालमीला बाळापूरहून तबलजी आले. ते हातोडी मारतायत, उतरवतायत, पुन्हा मारतायत. शेवटी त्यांनी हातोडी खाली ठेवली. "बाई, माझा तबला इतका खाली येत न्हाई. कोणती पट्टी हाय ही?"

"नेहमीची."

त्यांनी वाकून पेटी बघितली. "नेहमीची? लय उतरली की."

सगळी पोरं थोरलीकडं बघायला लागली.

"पेटीचं बटण कुणी फिरवलं?" मी विचारलं.

"मी, बाई."

"काहून?"

"तुमी तारा लावल्या की पेटीच्या जराशा खाली यायच्या. खुंटीला हात लावायचा न्हाई म्हणून तुमीच सांगितलं. मग मी पेटीच खाली घेत होते."

दुसऱ्या दिवशी त्या खाली आलेल्या पेटीवर मी तारा लावायची, त्या आणखी खाली. ती पुन्हा बटण फिरवायची. विहिरीच्या पायऱ्या उतरावं तसा अख्खा वर्ग खाली खाली गेला होता, आणि हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. माझा डावा कान व्हायोलिन चढवून ऐकत होता आणि मी बावळट ते उतरवत बसले होते.

"अगं, बोलली का नाहीस?"

"तुमाला तकलीफ झाली असती."

ओरडायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. पोरांसमोर, तबलजींसमोर. मग माझं स्वतःचं व्हायोलिन तिच्यापुढं धरलं. "लाव. तुझ्या कानानं."

तिनं आधी स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावला, आपण गुरूची माफी मागताना लावतो तसा. पेटी वर घेतली, खुंट्या पिळल्या. माझ्या डाव्या कानात नुसती किंकाळी उठली. तबलजी म्हणाले, "आता बराबर." मी डाव्या कानात बोट घातलं, तेव्हा मलाही बराबर ऐकू आलं.

औंढ्याला ती वाजवायला पुढं बसली, मी मागं, डाव्या कानात कापूस घालून. नंतर डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, डाव्याचं आता काही होणार नाही, उजवा जपा.

तेव्हापासून सकाळी गिरणी सुरू झाली की डावा कान गच्च दाबून उजव्यानं ऐकते. घूं जागच्या जागी असला की मगच चहा ठेवते.

आज चहा ठेवला नाही. पायात चपला घातल्या आणि शेजारी गेले.

"काहो, मोटर बदलली का?"

गिरणीवाल्यानं पिठाचे हात झटकले. या खेपेला तो हसला नाही.

"न्हाई बाई. तीच हाय."