तेरावी नळी

माझ्या मावशीला प्रयोगशाळेत सगळे ‘थेंबमावशी’ म्हणतात. नळीत सोडताना एक थेंब कडेला लागून राहिला तरी ती तो नमुना टाकून देते आणि पहिल्यापासून सुरू करते. केळीच्या रोपांचे रोग शोधण्यात तिची एकतीस वर्षं गेली. पण शोध अर्धाच तिच्या हातात असायचा. पानं कुटायची, त्यातला जनुकांचा अंश काढायचा, बर्फात घालून परदेशी पाठवायचा आणि वाट बघत बसायचं. अहवाल यायचा चार महिन्यांनी.

“तोवर रोपाला घड लागून, पिकून, लोकांनी खाऊनसुद्धा झालेलं असायचं,” मावशी सांगते. “स्वयंपाक आम्ही करायचा आणि मीठ पुरेसं आहे का ते शेजारणीला विचारायचं, असला कारभार.”

मग गेल्या वर्षी जनुकं वाचणारं यंत्र आलं, चष्म्याच्या डबीएवढं. ते लाखो तुकड्यांची एक फाइल हातात ठेवतं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. ते बघायचं कसं हे शिकवायला एक सव्वीस वर्षांचा मुलगा आला. पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘मास्तर’ पडलं. जुन्या काचसामानाच्या खोलीत सहा आठवड्यांचा वर्ग सुरू झाला आणि पहिल्या बाकावर त्रेपन्न वर्षांची थेंबमावशी.

घरी सराव चालायचा. संगणकाचा काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि मावशीचं एकच बोट.

“कोंबडी दाणे टिपतेय का?” काका आतून विचारायचे. त्यांनी बत्तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलेला.

“मग शिकवा की! अख्ख्या गावाला शिकवलंत, बायको कोरडीच.”

“बायकोला कोण शिकवणार? ती परीक्षकाचीच परीक्षा घेते.”

पण दुसऱ्या दिवसापासून काका तिच्या बोटांवर पट्टी रोखून शेजारी बसले. महिन्याभरात दहाही बोटं चालायला लागली.

मास्तर हुशार होता, पण मावशीची एक सवय त्याला कळेना. बारा रोपं तपासायची असली की ती नळ्या तेरा घ्यायची. तेराव्या नळीत पान नाही, नुसतं पाणी. तिच्यावरही सगळे सोपस्कार तसेच.

“मावशी, पाण्याची कसली चौकशी?” मास्तर हसायचा.

“पाण्यात काही सापडलं तर ते रोपातून आलेलं नसतं, बाळा. ते आपल्या हातून आलेलं असतं.”

वर्ग संपता संपता खरं काम आलं. गावाबाहेर एका बाईची रोपवाटिका आहे. नऊ हजार रोपं, बारा रांगा; एकेक रांग एकेका मातृरोपापासून वाढवलेली. बाराही मातृरोपांची पानं तपासायला आली. मावशीने तेरा नळ्या केल्या, यंत्राने वाचल्या, मास्तरने तक्ता काढला. बारा ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द: सापडला. विषाणू, सगळीकडे.

शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमनी कागदावर सही केली: सोमवारी सगळी रोपं जाळावीत. रोपवाटिकावाल्या बाई समोरच्या खुर्चीत होत्या.

“सगळी?” त्यांनी विचारलं. “मॅडम, एकही रोप पिवळं नाही हो. लेकरासारखी वाढवलीत.”

त्या गेल्या तेव्हा त्यांची छत्री खुर्चीलाच राहिली. मावशी त्या छत्रीकडे बघत बसली. मग उठून मास्तरकडे गेली. तो पाठीला पिशवी लावून निघालाच होता. दुसऱ्या शहरात त्याचा पुढचा वर्ग होता.

“मास्तर, पाण्यात विषाणूचे तुकडे किती सापडले?”

“पाण्याची फाइल मी चालवलीच नाही. आपला संगणक कासव, एकेका फाइलला दीड तास लागतो. म्हटलं, पाण्यात काय बघायचं?”

“आणि बाकीच्यांत किती किती? आकडे कुठायत?”

“तक्त्यात सापडला की नाही एवढंच ठेवलं. तक्ता सुटसुटीत दिसतो.”

मावशीने कपाळाला हात लावला. “अरे, पाहुणा एक आला काय आणि वऱ्हाड आलं काय, तुझं आपलं ‘माणसं आली’!”

मास्तरचा चेहरा उतरला. “मी थांबतो.”

“तुझी बस चुकेल. आणि दर वेळी तुलाच बोलवायचं, तर मी सहा आठवडे काय बाकडं झिजवलं?”

शनिवारी सकाळी काचसामानाच्या खोलीत आम्ही तिघं. मावशी संगणकापुढे, काका डबा घेऊन, मी उगाच. मावशीने आज्ञा टाइप केली. उत्तर आलं: अशी फाइल नाही. पुन्हा केली. अशी फाइल नाही.

“संगणक बिघडलाय,” मी म्हटलं.

“नाचता येईना अंगण वाकडं,” काका म्हणाले. “टायपिंग बिनचूक आहे हं, मी बघतोय.”

मावशी डोळे मिटून बसली आणि एकदम हसली. “अगं, मी स्वयंपाकघरात उभी राहून माडीवरच्या कपाटात हात घालतेय! चुकीच्या कप्प्यात आहे मी.” कप्पा बदलला. पडद्यावर ओळी धावू लागल्या. काकांनी उठून टाळ्या वाजवल्या.

आधी पाणी. दीड तासाने आकडा आला: छत्तीस तुकडे विषाणूचे.

“पाण्यात?” काका म्हणाले.

“पाण्यात! म्हणजे आमच्याच द्रावणाच्या बाटलीतून. मागच्या आठवड्यात रोगट पान तपासलं होतं तीच बाटली.” मावशी उठून खोलीत एक फेरी मारून आली. मग मास्तरने काढलेल्या निकालांतून बाराही रोपांचे आकडे बाहेर काढले. एकतीस. चाळीस. अठ्ठावीस. सगळे पाण्याच्याच आसपास. सातवं मात्र नऊ हजार दोनशे चौदा.



“सातवी रांग खरंच आजारी आहे,” मावशी हळूच म्हणाली. “पण सुक्याबरोबर ओलं कशाला जळायचं?”

तिने तिथूनच मोठ्या मॅडमना फोन लावला. “बाटली घाण झाली, ही चूक माझ्या टेबलावरची, मॅडम. नवीन बाटलीने पुन्हा करते. मला गुरुवारपर्यंत वेळ द्या.”

मॅडमनी सगळे आकडे पुन्हा एकदा वाचून घेतले. मग, “दिला. पण तोवर रोपवाटिकेतून एक पान बाहेर जाता कामा नये.”

गुरुवारी तेरा नळ्यांचा निकाल आला. पाणी शून्य. अकरा रोपं शून्य. सातवं, हजारोंनी.

मावशी स्वतः छत्री घेऊन रोपवाटिकेत गेली, मीही गेले. बाई दारातच उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक.

“सातवी रांग जाळावी लागेल,” मावशी म्हणाली.

“आणि बाकीच्या?”

“बाकीच्यांना पाणी घाला. ऊन लागतंय त्यांना.”

बाईंनी मावशीला अशी मिठी मारली की छत्री आपोआप उघडली आणि आम्ही तिघी खळखळून हसत सुटलो. मग सातवी रांग बाईंनीच उपटून पेटवली. धूर निघाला तसा पदर नाकाला लावून त्या रांगेला म्हणाल्या, “जा बाई, अकरा बहिणींना वाचवून चाललीस.”

संध्याकाळी मास्तरचा फोन आला. त्याने सगळं ऐकलं, मग लाजत म्हणाला, “मावशी, इथल्या वर्गात तेरावी नळी कोण समजावणार? मी सांगितलं तर हसतील.”

“हसू दे. तूही हसला होतास.” मावशीने काकांकडे पाहिलं. “कितीची बस आहे हो सोमवारी?”

“साडेसहाची,” काका म्हणाले. त्यांनी ते आधीच बघून ठेवलं होतं. “पट्टी घेऊ का बरोबर? तिथेही कोंबड्या असतीलच.”