निळ्या दिव्याचा कब्जा

माझ्या बायकोच्या मोठ्या काकांनी कुठल्याही वस्तूवर, माणसावर किंवा पावसाच्या अंदाजावर पहिल्या भेटीत विश्वास ठेवल्याचं आदिलाबादेत कुणी पाहिलेलं नाही. डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या की ते औषधवाल्याला विचारतात, "हा डॉक्टर कसा आहे?" आणि पुढच्या खेपेला डॉक्टरला विचारतात, "तो दुकानवाला कसा आहे?" घराबाहेर पडताना सगळे प्लग भिंतीतून उपसून काढतात, नुसतं बटण बंद करणं म्हणजे त्यांच्या मते चोराला तोंडी नकार देण्यासारखं आहे. उभा जन्म तहसील कचेरीत गेला. कोण कुणाच्या जमिनीत कुठून घुसला हेच पाहत आल्यामुळे सगळं जग आपल्या बांधावर टपून बसलंय अशी त्यांची खात्री आहे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा हे गृहस्थ भैंशाला माझ्या कचेरीत येऊन, काही काम नसताना, रांगेत उभे राहिले होते. "घरी पाह्यले गेलं का सारेच जावई चांगले दिसतेत," हे त्यावरचं स्पष्टीकरण. आता मी आदिलाबादेतच राहतो, माझ्या मुली कॉलेजात जातात, पण माझ्याबद्दल त्यांचा अभिप्राय अजून "सध्या तरी बरे वाटतेत" एवढाच आहे.

अशा माणसाच्या बैठकीत एक जुना स्टिरिओ आहे. जाडजूड अ‍ॅम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि कमरेएवढे दोन स्पीकर. तरुणपणी काका आणि त्यांच्या धाकट्या भावाने मिळून तो नागपुरातून आणला, बसच्या मागच्या बाकावर एकेक स्पीकर मांडीवर घेऊन. पुढे भावांचं बिनसलं. कशावरून, ते दोघंही वेगवेगळं सांगतात. घराच्या मधोमध भिंत आली आणि वाटणी इतकी चोख झाली की स्टिरिओ मोठ्यांकडे आला, कॅसेटी धाकट्यांकडे गेल्या. तेव्हापासून भिंतीच्या या अंगाला गाणी नाहीत आणि त्या अंगाला ती वाजवायला काही नाही. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. काकू होत्या तोवर अंगणातून भाजीची वाटी तरी इकडची तिकडे जायची. त्या गेल्या आणि तेही थांबलं. काका मात्र मुका स्टिरिओ रोज सकाळी फडक्याने पुसत.

ते मला बघवेना. म्हणून मी ब्लूटूथचा एक लहानसा डबा आणला, लाल-पांढऱ्या पिना स्टिरिओच्या पाठीत खोचल्या आणि सांगितलं, "काका, फोनवरचं गाणं हा हवेतून घेतो."

"हवेतून घेते? मंग हवेतून देत बी असंन. आपलं बोलणं कुठं जाऊन राह्यलं, सांगा."

मी माझ्या फोनवरून गाणं लावलं. त्या जुन्या स्पीकरांतून आवाज भरून आला तेव्हा काकांनी क्षणभर डोळे मिटले. मग सावध होऊन उघडले. "माझा फोन नाई जोडायचा याले. सारे नंबर ओढून घेईन." एवढ्यावर न थांबता त्यांनी माझाही फोन त्यातून काढायला लावला. डबा मात्र चालू ठेवला, कारण नव्या वस्तूवर काही दिवस पाळत ठेवल्याशिवाय ती चांगली का वाईट हे त्यांना ठरवता येत नाही.

थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला. "जावईबापू, असेच निघून या. डब्यात कोणीतरी घुसलं!"

जाऊन पाहतो तर डब्यावर निळा दिवा लागलेला, स्टिरिओ जुनं हिंदी गाणं गातोय आणि काका हातात काठी घेऊन त्याच्यासमोर उभे. मी समजावलं की डब्यात कुणाचाच फोन जोडलेला नसला, तर आसपासचा कुणीही आपला जोडू शकतो. काकांचा चेहरा पडला. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी राखलेल्या माणसाने स्वतःची बिन नावाची मोकळी टाकली होती.

"म्हंजे कब्जा!" ते म्हणाले.

मी शेजारी गेलो. धाकटे काका फोन मांडीवर ठेवून भिंतीला कान लावून बसले होते. "हे पाहा ना, फोनात कायचं तरी नाव दिसलं, मी दाबलो. तवापासून फोनाचा आवाजच बंद. पन भिंतीतून लय चांगला येते." मग हळूच म्हणाले, "तो ऐकून राह्यला का?"

परत येऊन मी मोठ्या काकांना सगळं सांगितलं. म्हटलं, तुमचा फोन जोडू, मग दुसऱ्याला येता येणार नाही. त्यांनी त्या निळ्या दिव्याकडे पाहत काठी कोपऱ्यात ठेवली. "घाई काऊन करता? बारा साल कब्जा राह्यल्याबिगर हक्क लागत नाई. पाहू."

तेव्हापासून रोज सकाळी काका चहा घेऊन स्टिरिओसमोर बसतात आणि कुरकुरतात. "हे गाणं मुद्दाम लावलं त्यानं. मले चिडवाले." एका सकाळी मात्र गाणं आलंच नाही. लगेच मला फोन. "पाहून या जरा. फोन बिघडला का मानूस?" धाकट्यांना ताप भरला होता. मी तसं काकांना सांगितलं. दुपारी त्यांनी ज्वारीच्या कण्यांचा डबा माझ्या हातात ठेवला. "तुमच्या घरून आला म्हना."

परवा नार्नूरला लग्नाला निघालो होतो. तापातून नुकते उठलेले धाकटे काका येणार नव्हते. मोठ्या काकांनी घरातले सगळे प्लग उपसले. स्टिरिओचे राहिले म्हणून मी वाकलो.

"ते नका काढू."

"अहो, घरात कुणी नाही. ऐकणार कोण?"

"ऐकाले नसू द्या कोणी. तो लावन ना? मंग त्याचा आवाज निघन कुठून?"

त्यांनी दाराला कुलूप घातलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. आम्ही पायरी उतरत होतो तोच बंद घरात गाणं सुरू झालं. काका किल्ली मुठीत धरून तिथेच थांबले, आणि ते गाणं संपेपर्यंत आम्ही दोघंही निघालो नाही.