रोग म्हणायचं नाही

आमच्या कुरुळीत तेव्हा त्या दुखण्याला नाव घेऊन दुखणं म्हणायची सोय नव्हती. अंगावर फोड उठले की म्हणायचं, देवी आल्या. पाहुणी आल्यासारखं. आणि पाहुणीला कुणी हाकलतं का?

माझ्या धाकट्या बहिणीला सहाव्या वर्षी देवी आल्या. लस टोचणारे सरकारी कर्मचारी आदल्या हिवाळ्यात गावात येऊन गेले होते. माझ्या दंडावर त्यांनी देवी काढल्या. बहिणीला नेमका त्या दिवशी ताप होता, म्हणून ते म्हणाले, पुढच्या खेपेला बघू. यात कुणाची चूक होती ते मी आयुष्यभर शोधते आहे. टोचणाऱ्यांची नाही, आईची नाही, त्या पोरीची तर नाहीच. राग धरायला एक माणूस सापडत नाही, ही फार मोठी पंचाईत आहे.

घरात सगळं देवीच्या मर्जीनं चालू झालं. फोडणी बंद, कारण चरचर आवाज तिला सोसत नाही. केस विंचरायचे नाहीत, कुणावर ओरडायचं नाही. बहीण लिंबाच्या पाल्यावर निजलेली, अंगावर बोट ठेवायला जागा नाही, आणि आई सकाळ-संध्याकाळ तिच्या पायांशी हात जोडून देवीला म्हणायची, "आई, आलीस तशी सुखानं जा. माझ्या लेकीच्या डोळ्याला तेवढा हात लावू नगंस. चांदीचं डोळं वाहीन तुला."

"भीक नको पण कुत्रं आवर, असं सांग की तिला," मी एकदा म्हणाले. "हा रोग हाय, आये. रोग!"

आईनं माझ्या तोंडावर चापट मारली. मग घाबरून त्याच हातानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली आणि बहिणीच्या पाया पडली. "पोर येडी हाय, मनावर घेऊ नगंस." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. देवी मारणार, आणि आम्ही तिचीच माफी मागणार.

वडील त्या वर्षी पिंपरीला औषधांच्या कारखान्याच्या बांधकामावर विटा वाहायला जात. आठवड्यानं घरी येत. मी त्यांना विचारलं, "तिथलं औषध आणता येत न्हाई व्हय?" ते म्हणाले, "अजून भिंतीच चालल्यात, बाय." त्या औषधाचा देवीवर काही उपयोग नव्हता, हे मला फार पुढे कळलं. तरी ते उत्तर आठवलं की आजही डोकं तडकतं.

फोडांवर खपल्या धरल्या. सगळे म्हणाले, देवी उतरल्या, पोर वाचली. दोन दिवसांनी आईनं तिच्या हाताशी भाकरी ठेवली, तर बहीण रिकाम्या जागी हात फिरवत राहिली. दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं. आमची भाषाही काय लाडिक आहे बघा. पोरीची नजर गेली, आणि त्याला म्हणायचं फूल.

मग समजूत घालणाऱ्यांची रीघ लागली. भावकीतली एक म्हातारी म्हणाली, मागल्या जन्मीचं असतं. शेजारच्या मणेरीण चाची, ज्या आम्हाला बांगड्या भरायच्या, बहिणीला मांडीवर घेऊन रडल्या आणि म्हणाल्या, "अल्लाकी मर्जी." त्या रडल्या म्हणून त्यांचा राग आला नाही, पण मर्जीचा आला. देवळात कीर्तनाला आलेले बुवा म्हणाले, देव परीक्षा घेतो. मला विचारावंसं वाटलं, ज्याला सगळं ठाऊक आहे तो परीक्षा कशाला घेईल? आणि घ्यायचीच तर आमची घे, सहा वर्षांच्या पोरीची का? पण बाईच्या जातीनं कीर्तनात उभं राहून बुवांना विचारायचं, हे तेव्हा रोग म्हणण्याइतकंच वाईट.

सगळ्यात जास्त चिडले मी आईवर. ती नवस फेडायला निघाली. बहिणीचे लहानपणचे वाळे तिनं चाकणच्या सोनाराकडे नेऊन आटवले आणि त्यांचे दोन डोळे करून आणले.

"तिनं डोळं नेलं, आन आपण तिला वर चांदीचं द्यायचं?" मी म्हणाले.

"जीव ठिवला न्हवं तिनं?" आई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की पुढे भांडता आलं नाही. मला वाटतं, देवीला सोडलं तर तिच्याकडे हात जोडायला दुसरं कुणीच उरत नव्हतं.

मंगळवारी आम्ही तिघी गावाबाहेरच्या देवळात गेलो. गुरवानं मूर्तीचे जुने डोळे काढून ठेवले आणि नवे चिकटवायला मेण मऊ करायला घेतलं. तोवर बहिणीनं आईच्या मुठीतले चांदीचे डोळे चाचपून काढले. एकेकावर अंगठा फिरवला. तिचेच वाळे होते ते, पण तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"हे काय हाय?"

"डोळं हायती. देवीला वाहायचं."

बहिणीनं ते मुठीत घट्ट धरले. मग तिनं विचारलं, "तिलाबी दिसत न्हाई व्हय?"

गुरवाचा हात थांबला. आईनं चांदीचे डोळे तिच्या मुठीतून सोडवून गुरवाला दिले. तिनं बहिणीचे दोन्ही हात धरून जोडले आणि खांदे धरून तिला मूर्तीकडे वळवलं, कारण देवी कुठल्या बाजूला आहे हे बहिणीला कळत नव्हतं. मला डोळे असून अजून कळलेलं नाही.